कमरेची दोरी

सेलुवाया, नुकुआलोफाहून तू मोजपट्टी घेऊन आलीस
आमच्या बेटाच्या कमरा मोजायला.
बस. नारळ फोडते.
तुझी वही यंदाची, कोरी.
माझी चाळीस वर्षांची आहे, पण कागदाची नाही.

रविवारी चर्चला जाताना आम्ही कमरेला चटई गुंडाळतो,
केतकीच्या पातीची, आणि वरून काथ्याची दोरी.
तिच्याशिवाय देवापुढं जाणं म्हणजे उघड्यानं जाणं.
दोऱ्या मी वळते.
अपुरी पडली की माणूस माझ्या दारात येतो,
थोडं हसत, थोडं भलतीकडे बघत,
"वीतभर वाढवून दे गं."
मी वाढवते. विचारत काही नाही.
जुन्या काथ्याला नवा जोडला की रंग वेगळा दिसतो.
कुणीही मोजावेत असे जोड.

माझ्या भावाची, लिसियातेची, दोरी लग्नात दोन हात होती.
मग धक्क्याला न्यूझीलंडची बोट लागू लागली,
मेंढीच्या पोटाचं गोठलेलं चरबाळ, मासळीहून स्वस्त.
पहिला जोड तेव्हाचा.
खोटं कशाला बोलू, त्या वर्षी आम्ही खूश होतो.
आमच्यात बारीक माणसाला विचारतात,
"आजारी होतास का? बायको वाढत नाही का?"
मी तर बहीण. मी वाढतच गेले.

सहाव्या जोडाला त्याचा पाय कापला.
सातवा मी त्याच्या प्रेतावर बांधला.
आणि मयताच्या जेवणाला काय शिजवलं, ठाऊक आहे?
तेच चरबाळ. चार खोकी.
लोक म्हणाले, भावाचा मान राखलास.

त्यानंतर बरेच दिवस मला दोरी वळवेना.
मग एकदा, विणायला सगळ्या जमल्या असताना,
घरातल्या जुन्या दोऱ्या काढल्या
आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या.
नावं घेतली नाहीत.
काथ्या ओळखतो आपलं माणूस.
बराच वेळ नुसती पाती सोलल्याचा आवाज.
शेवटी फालाकिका, पाद्रीबाई, आमच्यात सगळ्यांत भरदार,
एका दोरीला पायानं ढोसत म्हणाली,
"ही माझी. बाई गं, हिनं तर गलबत बांधून ठेवता येईल."
आणि आम्ही हसलो, आणि मग हसणं थांबेना,
आणि मग दोघीतिघींना रडू आलं.

पुढच्या रविवारी भट्टीत तिनं अळूच्या पानांत मासे गुंडाळले,
नारळाचं दूध निम्मं.
पाद्रीसाहेबांनी पान उघडलं. "मेंढी कुठाय?"
"न्यूझीलंडात," ती म्हणाली. "चरतेय."
त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. मग खाल्लं.
पाद्रीबाईच्या घरी जे शिजतं
ते महिन्याभरात गावभर शिजतं. आधीही तसंच झालं होतं.

केतकीची पाती आम्ही खाडीत भिजत घालतो.
पूर्वी चालतच जायचो, मग ट्रकनं.
आता ट्रक नको म्हणालो. ड्रायव्हर अजून फुरंगटलेला आहे.
रस्त्यात इतक्या चहाड्या होतात
की न येणारीचंच नुकसान.
तरी विका येत नाही. गुडघे.
ती ओसरीत बसून आमच्या गठड्यांना गाठी मारते
आणि म्हणते, मी सरबताच्या बाटल्या सोडणार नाही.
नको सोडूस, आम्ही म्हणतो. गाठी मार.
माझा नातू माका दुकानामागं लपून पितो,
वास येतो, मी बोलत नाही, त्याला सोबत नेते.

परवा एक बाई दारात आली. नाव नाही सांगत.
हसत नव्हती, सरळ बघत होती.
"दोरी सैल होते," म्हणाली. "कापून दे."
चाळीस वर्षांत हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.
कापलेला काथ्या उसवतो, पोरी.
मी म्हटलं, कापू नकोस. घट्ट बांध,
उरलेलं टोक लोंबू दे. दिसू दे चर्चमध्ये.

आता ती मोजपट्टी ठेव पिशवीत.
पाचला ओहोटी आहे.
पायात जुनं काहीतरी घाल, खडक टोचतात.